त्या वळणाशी मला जाग येते

प्रिय नाना,

हे लिहायला मला एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. हसू नका. तुम्हाला लिही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "जो बात रात को जगाती है, उसको शाम को ही बुला लीजिए. लिख डालिए." मला रात्री जागवतं ते नेमकं कोण, हे मी त्यांना सांगितलंच नाही. काय सांगणार? माझे वडील? पण ते तर माघात गेले. म्हणून दिवेलागणीला वर छतावर येऊन बसलेय. खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर गंगेतल्या नाववाल्यांची हुज्जत चाललीय, माकडं अजून कठड्यावरून हलत नाहीत. तुम्हाला आज मुद्दाम लवकर बोलावलंय.

झोप गेली माझी, नाना. साफ गेली. तुम्ही गेलात आणि तिलाही घेऊन गेलात.

तुम्हाला वाटेल, शैलू उगाच रडगाणं गातेय. तसं नाही. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायचं माझं काम, ते आमच्या मोठ्या डॉक्टरांनी काढून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "शैलाजी, पहले नींद पूरी कीजिए, फिर आइए. एक नली इधर की उधर हो गई तो किसी का घर बैठ जाएगा." चूक अजून झाली नव्हती. पण होणार हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. तिकडे दादाचा नागपूरहून रोज फोन. घराला कुलूप लाव आणि इकडे ये, त्या घरात एकटीला झोप लागणार तरी कशी? आता तुम्हीच सांगा, काम गेलं, घरही गेलं, तर या वयात मी दादाच्या बैठकीतल्या दिवाणावर पडून राहू?

उपाय म्हणाल तर सगळे करून झाले. वहिनीने फोनवरून दुधात जायफळ उगाळायला लावलं. शेजारच्या मालतीकाकू तूप आणि काशाची वाटी घेऊन आल्या आणि तासभर माझे तळपाय घासत बसल्या. पाय काळेकुट्ट झाले आणि काकूंनाच तिथे डुलकी लागली. गोळीही घेतली. गोळीने डोळा लागतो, पण त्या वळणाशी जाग येते ती येतेच, वर सकाळभर डोकं जड.

कुठलं वळण ते तुम्हाला माहीत आहे. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, सगळं पहिल्यापासून लिहा, म्हणून लिहिते.

लहानपणी मी किती झोपायची, आठवतं? आई हाका मारून थकायची. तुम्ही पहाटे उठून मधल्या खोलीत आसनावर बसायचात आणि वेदपाठाची आवृत्ती सुरू करायचात. लोकांची मुलं अशा आवाजाने उठली असती. मला मात्र त्यातच गाढ झोप लागायची. उलट अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या-पौर्णिमा आली की पाठ बंद, अनध्याय. त्या दिवशी पहाटे घर चिडीचूप, आणि मी टक्क जागी. आई वैतागायची, "आज अनध्याय ना, मग ही कार्टी आज मला झोपू द्यायची नाही."

आता रोजच अनध्याय आहे, नाना.

तुम्ही मला शिकवलं नाहीत. मुलींना पाठ देत नाहीत, हे मी न विचारताच मान्य केलं होतं. दादाला शिकवायला बसलात आणि तो पळून क्रिकेट खेळायला गेला, तेव्हा भिंतीच्या अलीकडे मी अंथरुणात पडून सगळं कानात साठवत होते. अर्थ एका अक्षराचाही ठाऊक नव्हता. पण पुढचा शब्द कोणता, हे माझ्या जिभेला कळायचं. तुम्हाला हे कधी कळलं का हो? कधी संशय तरी आला?

मग शेवटची ती दोन वर्षं. तुमचं दिवसरात्रीचं गणितच बिघडलं. मध्यरात्रीलाच पहाट समजून उठायचात, आसन घालायचात आणि सुरू व्हायचात. आणि त्या वळणाशी यायचात. तेच शब्द पाठात दोनदा येतात, मागे एकदा आणि पुढे एकदा, आणि दोन्हीकडे त्यापुढची वाट वेगळी. उभ्या आयुष्यात तुम्ही तिथे चुकला नव्हतात. आता दरवेळी मागचीच वाट धरायचात, फिरून पुन्हा तिथेच यायचात, पुन्हा मागचीच वाट. आपल्या गल्ल्यांमध्ये नवखा यात्रेकरू फिरून फिरून त्याच पानवाल्यापाशी येतो ना, तसं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा उजाडेपर्यंत तुम्ही फिरत होतात. घसा बसला, अंग थरथरत होतं, तरी थांबेनात. थांबायचं कुठे, हेच सापडत नव्हतं तुम्हाला.

दुसऱ्या रात्री मी भिंतीच्या अलीकडून पुढचा शब्द सांगितला.

तुम्ही थबकलात. म्हणालात, "हो, अप्पा." आणि बरोबर वाटेने पुढे गेलात.

अप्पा म्हणजे तुमचे वडील, ज्यांच्यापाशी तुम्ही शिकलात. मला राग आला होता, आता सांगते. शब्द माझा आणि शाबासकी आजोबांना. पण तेव्हापासून हेच आपलं चाललं. माझ्या शरीरालाच त्या वेळेची सवय लागली. वळणाच्या जरा आधी जाग यायची, मी शब्द सांगायची, तुम्ही "हो, अप्पा" म्हणायचात आणि मी कूस बदलून झोपायची. उजाडल्यावर तुमचं आसन पसरलेलंच असायचं, तुम्ही कुठेतरी भिंतीला टेकून बसलेले. आवृत्ती शेवटाला गेली की आसनाची घडी घालून ते खुंटीला लावायचं, हा तुमचा नेम. पण शेवटापर्यंत तुम्ही जातच नव्हतात. मध्येच दम संपायचा. मी घडी घालायची आणि तुम्हाला चहा द्यायची.

आता त्या रात्रीचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या रात्रीही मला वेळेवर जाग आली. तुम्ही वळणाशी आलात. मी तोंड उघडणार, इतक्यात तुमचे तुम्हीच पुढच्या वाटेला लागलात. सहज. पूर्वीसारखे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मनात म्हटलं, चला, आज नानांना माझी गरज नाही. आणि झोपले. किती तरी दिवसांनी अशी झोपले, की उठले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. आणि तुम्ही गेलेले होतात.

असं करतात का, नाना? चुकला असतात तर मी जागी राहिले असते. शेजारी येऊन बसले असते, पाणी दिलं असतं. एकदा अडायचं होतंत. रोज अडत होतात, त्या दिवशीच काय झालं?

सगळे म्हणतात, झोपेत गेले, पुण्यवान. असतील. पण तेव्हापासून मी रोज त्या वेळेला उठते. आवाज येतो मला. खोटं सांगत नाही, तुम्ही तिथे फिरत असता, त्याच गल्लीत. मी शब्द सांगते. पलीकडून "हो, अप्पा" येत नाही. मग मी पुन्हा सांगते. आणि झोपायची भीती वाटते. मी झोपले की कोणीतरी जाणार, असं काहीतरी मनाने घेतलंय. वेडेपणा आहे, कळतंय मला. कळून झोप येत नाही.

डॉक्टरीणबाईंचे नियम कडक आहेत. दुपारी आडवं व्हायचं नाही. संध्याकाळनंतर चहा नाही. डोळा लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठायचंच. आणि जाग आली तर अंथरुणात लोळायचं नाही, उठून दुसरीकडे बसायचं, पेंग आली की मगच परतायचं. मी स्वयंपाकघरात बसून गहू निवडते. आता घरात खड्यासकट गहू उरलेला नाही. थोडा फरक पडला, नाही असं नाही. पहिली झोप लवकर लागते. पण वळण काही सुटत नाही.

शेवटी परवा मी तुमच्या विनायकशास्त्रींना बोलावलं. तुमचा सगळ्यात जुना विद्यार्थी, आता त्यांचेच केस पांढरे झालेत. म्हटलं, दिवसा येऊन या घरात एकदा ती जागा बरोबर म्हणून दाखवा. त्यांनी म्हटली. मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकली आणि मला रडू फुटलं, आणि मग सगळं सांगून टाकलं, तुम्हाला आता सांगितलं तसंच. मी शब्द सांगत होते हेही. मला वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या दिवशी गुरुजींचं आसन कोणी उचललं?"

मी नाही उचललं, नाना.

तुम्ही खाटेवर होतात. धाबळी गळ्यापर्यंत ओढलेली. आणि आसन घडी करून खुंटीला होतं. इतके महिने ते डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलंच नव्हतं. मालतीकाकूंनी त्या गडबडीत उचललं असेल का? असेलही. त्यांना मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

"मतलब आवृत्ति पूरी हो गई थी," शास्त्री म्हणाले. मग मराठीत म्हणाले, "पूर्ण करून निजले ते, ताई. किती वर्षांनी निजले असतील."

ते गेल्यावर मी बराच वेळ तुमच्या खाटेवर बसून होते. दोन वर्षं मी माझ्याच झोपेचा विचार करत होते. तुम्हीही झोपला नव्हतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. किती दमला होतात तुम्ही. मी झोपले म्हणून तुम्ही गेलात असं नाही ना? आपण दोघंही झोपलो त्या रात्री, एकाच घरात, बापलेक. असंच आहे ना?

काल रात्रीही जाग आली. आवाजही होता, खोटं कशाला बोलू. पण मी शब्द सांगितला नाही. उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले, हात रिकामे ठेवून. भीती वाटली. मग पेंग आली आणि मी परत आले. उजाडलं तेव्हा मालतीकाकू दार वाजवत होत्या.

म्हणून आज तुम्हाला एक वचन देते. मी या घरातच राहीन आणि या घरातच झोपेन. रात्री तुम्ही पुन्हा त्या वळणाशी आलात, थबकलात, अप्पांची वाट बघत राहिलात, तरी मी शब्द सांगणार नाही. मला वाईट वाटेल, पण नाही सांगणार. तुम्हाला येतं ते. मी स्वतः ऐकलंय.

तुमची,
शैलू