मथुशलह की दगडू

९ फेब्रु.
केतकीचं बाळंतपण दोन महिने आधीच. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवलाय, ओंजळीत मावेल एवढा. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही." पन्नाशीत आजी झाले आणि पेढे सांगायची हिंमत होत नाही.

१० फेब्रु.
के.चे सासरे आले. शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर, रविवारचं चर्च कधी चुकवत नाहीत. बायबलातून नाव काढून आणलंय : मथुशलह. नोहाचा आजोबा. नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला म्हणे.
"व्याहीबुवा, हजेरी घेताना बाईंना धाप लागेल."
"लागंना की. पोरगं हजर असलं म्हंजे झालं."


१२ फेब्रु.
सकाळी श्वास थांबला. सिस्टरनी पाठ चोळली, मग सुरू झाला. दुपारी पुन्हा तेच.
काचेशी वाकून हळूच म्हटलं, "दगड्या, ए दगड्या." मूल जगेल की नाही अशी धास्ती असली की दगडू, धोंडू म्हणायचं, म्हणजे यम टाकाऊ समजून पुढं जातो. या खुळावर मी दोन लेख झोडलेत, मानधन घेऊन.
वळून बघते तर मागं व्याही.
"कुणाला सांगू नका."
"न्हाय सांगत. पण जरा जोरात म्हणा की. यमाला ऐकू गेलं पायजे."

१५ फेब्रु.
व्याह्यांच्या बायबलातलं ते वंशावळीचं पान वाचलं. अमका जगला, मुलं झाली, मेला. मग पुढचा. एवढ्या आयुष्यात मथुशलहनं केलं काय, अक्षर नाही. लढाई नाही, राज्य नाही, सत्कारसुद्धा नाही. एरवी पेपरातल्या माझ्या सदरात सोलला असता. आज मात्र... बाळा, तूही काही करू नकोस. नुसता जग.

२० फेब्रु.
एरवी आज बारसं झालं असतं. सिस्टरनी बाळ पेटीतून काढून के.च्या छातीवर ठेवलं. आम्ही दोघं काचेबाहेर. ते "मथुशलह", मी "दगडू", एकदमच. के.नं आतून डोळे वटारले. बाळानं जांभई दिली.

२२ फेब्रु.
श्वास आता स्वतःचा स्वतः घेतोय. उद्या नळीऐवजी वाटी-चमच्यानं दूध पाजून बघणार.
व्याही काळजीत. "न्हाय प्यालं तर?"
मी त्यांच्याच बोलीत, "कोल्हापूरचं पोर हाय. दुधाला न्हाय म्हणतंय व्हय?"
बोलले खरी. घरी येऊन चांदीची वाटी उकळत ठेवलीय. सिस्टर वापरू देणार नाहीत, माहीत आहे.