तीन डबड्यांची परीक्षा

३ मार्च, मंगळवार

लेकीचं पार्सल आलं. ओंजळीत मावतील अशी, बटणं दाबून वाजवायची संगीताची तीन यंत्रं! काळं, पांढरं, लाल. सोबत चिठ्ठी — "बाबा, आईला जमेल ते ठेवा. बाकीची आठवड्यात परत करायचीत."

चार महिन्यांपूर्वी हिचा डावा हात लुळा पडला. भाता कोण मारणार? हिची पेटी फडक्याखाली गेली. पाठोपाठ हिचं गुणगुणणंही.

४ मार्च

आज बांधणीची तपासणी. फोनवरच्या व्हिडिओत एक टोपीवाला गृहस्थ यंत्राला टिचकी मारून 'बिल्ड क्वालिटी' सांगतो. टिचकीने काय कळतं, कलिंगड आहे का ते? आयुष्यभर तराजू दुरुस्त केले मी! वस्तू तोलली की तिचा स्वभाव कळतो.

काळं — सहाशे चाळीस ग्रॅम. धातूचं अंग, आठ स्क्रू, बटण दाबलं की कट्ट! दहापैकी साडेनऊ.

पांढरं — पाठ उघडीच! आतलं सगळं दिसतं. अंघोळीतून तसंच बाहेर आलेलं. चार गुण, तेही धाडसाबद्दल.

लाल — एकशे दहा ग्रॅम. कोपरा दाबला की कुरकुरतं. बटणं रबरी, बुळबुळीत. दोन.

ही म्हणाली, "अहो, वाजवून तरी बघाल का?"

"आधी बांधणी!"

"मग लग्नाच्या वेळी मलाही तोललं होतंत वाटतं!"

५ मार्च

माहितीपुस्तिका वाचली. अठरा भाषांत आहे. अठराही वाया.

६ मार्च

वापरसोय. काळ्याचं एक बटण धरून ठेवायचं, त्याच वेळी चकती फिरवायची — ठेका बदलतो! अर्ध्या तासात जमलं. पैकीच्या पैकी. लालला असली अक्कलच नाही. एक बटण, एक काम. मधलं बटण दाबून धरलं की कानावर पडेल ते टिपून घेतं, बस्स. मी तावातावाने म्हटलं, "खेळणं आहे हे, पोरांचं खेळणं! परत!"

ही लालवर बोट टेकवून ऐकत होती. हसू दाबत होती का?

७ मार्च, शनिवार

निकाल जाहीर. काळं थाटात हिच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, दगड ठेवलात की काय!"

"हे बटण धर. आता ती चकती फिरव."

हिने उजव्या हाताने बटण धरलं. मग हळूच म्हणाली, "कोणत्या हाताने?"

तीन दिवस मी माझ्या दोन हातांनी गुण देत होतो! एवढा मोठा काट्याचा जाणकार, आणि स्वतःचं पारडं आधीच झुकलेलं.

"राहू द्या," ही म्हणाली. "तिन्ही पाठवा परत. झालं माझं वाजवून."

जेवण गेलं नाही. हिलाही, मलाही.

८ मार्च

तिन्ही खोक्यात भरली. उद्या कुरिअरवाला येणार.

९ मार्च, सोमवार

सकाळी चिकटपट्टी आणून बघतो तर खोक्यात दोनच! आतल्या खोलीतून धडाधड ठेका. त्यावर माझाच आवाज — "खेळणं-खेळणं-पोरांचं-परत! परत! परत!" अन् मधूनच, चार महिन्यांनी, हिचं गुणगुणणं.

दारात कुरिअरवाला. म्हटलं, "बसा जरा. गाणं संपू दे."