राणीचा गळा

१४ जानेवारी १९४६, सोमवार

भोंगेवाला धर्मसिंग आला! नांदेडहून पेटी मांडीवर घेऊन, लेकराला आणावं तशी. तिळगूळसुद्धा पेटी खाली न ठेवताच घेतला. आत मायक्रोफोन – जाळीदार, नारळाएवढा. जाळीच्या आत विड्यावरच्या वर्खासारखी पातळ फीत. तीच म्हणे आवाजानं हलते आणि मग भोंगे बोलतात.

मागवला तातेरावांनी. नाटक मंडळी त्यांची, शेतीवाडीही त्यांचीच, आणि रंगमंचावर राजाही तेच. वीस वर्षं मी त्यांची राणी. दिवसा तहसील कचेरीत मुनशी.

दिवाळीनंतर कनेरगाव नाक्याला प्रयोग झाला, तेव्हा मागच्या लोकांनी ओरडून सांगितलं होतं – राणीला जेवू घाला, ऐकू येऊन नाही राहिलं. हसण्यावारी नेलं मी. पण गळा बसत चाललाय, हे मला ठाऊक. बेचाळिसावं लागलं. यंदा राणी दुसऱ्याकडे जाणार, अशी धाकधूक होती. म्हणून हा फीतवाला पाहुणा मला फार आवडला.

१६ जानेवारी

तालीम. फुंकर मारायची नाही, फीत फाटते – धर्मसिंग दहा वेळा बजावतो. आणि ही फीत बाजूचं ऐकत नाही! तातेराव बाजूला उभे राहून अर्धी घटका दरबार गाजवत होते. भोंग्यातून चकार शब्द नाही. आपल्याला सगळं गाव ऐकतंय, या समजुतीत गडी खुश.

मी अगदी तोंडाशी गेलो, तर राणीचा हवालदार झाला. इतका जाड आवाज! दोन हात मागे सरकलो – आहा. स्वतःचा आवाज इतका गोड कधी ऐकला नव्हता.

भोंगे पुढे, म्हणून माईक मागच्या रंगीत पडद्याजवळ. नाहीतर शिट्टी वाजते. पडद्याच्या पलीकडे पुस्तक घेऊन विजया. मंडळीचा प्रॉम्प्टर बदली होऊन परभणीला गेला, तेव्हापासून ओळी सांगायला माझी बायकोच बसते. वाचता चांगलं येतं, आणि पडद्यामागे असल्यानं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तसं गद्य सगळ्यांना पाठ. तिला काम फारसं पडत नाही.

२५ जानेवारी, शुक्रवार

हिंगोलीचा प्रयोग. काय सांगू!

दुसऱ्या अंकातलं विरहाचं पद. वरच्या सुरापाशी दम सुटला. आता संपलो, म्हणून डोळे मिटून नुसता पुटपुटलो – आणि भोंग्यातून असा सूर निघाला की माझ्याच अंगावर काटा आला. वन्स मोअर! पुन्हा गायलो, पुन्हा तेच. धर्मसिंगाच्या पाया पडावंसं वाटलं. यंत्र माणसाचा गळा असा दुरुस्त करतं, हे कुणी आधी का नाही सांगितलं?

२६ जानेवारी

कचेरीत पेशकारसाहेबांनी स्वतःहून चहा मागवला. आरशासमोर जरा जास्तच वेळ गेला.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आखाडा बाळापूर. बाजाराच्या मैदानात माणूसच माणूस. येताना लॉरीत धूळ खाल्ली, घसा पार धरलेला. पण मला काय भीती? फीत आहे ना.

पदाची पहिली ओळ झाली आणि गळा मिटला. कुजबुजसुद्धा निघेना. मी तोंड मिटलं.

पद चालूच राहिलं.

आलाप, मुरकी, सगळं जागच्या जागी. लोक डोलत होते. मी बाजूला बघितलं. विंगेत यंत्राशी बसलेला धर्मसिंग माझ्याकडे बघत नव्हता. मागच्या पडद्याकडे बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घाईघाईनं ओठ हलवायला लागलो.

पडदा पडल्यावर त्याला गाठलं. तो खाली बघून म्हणाला, "मुनशीजी, ये आगे से जितना सुनता है, पीछे से भी उतनाच सुनता है."

हिंगोलीलाच कळलं होतं त्याला. बोलला का नाही, विचारलं. म्हणे लोक खुश होते. आणि तुम्हीही.

९ फेब्रुवारी

विजयाशी बोललो नाही. तिनंही विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

शेवटी मीच विषय काढला. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. हात थांबले.

"तुमचा दम सुटला की सूर धरून देत होते. तुमाला तेवढं ऐकू जावं म्हणून. बाहेर जातंय, हे खरंच ठाऊक न्हवतं."

"आणि आलाप?"

"तो... आला."

तिचे वडील कीर्तनकार, हे मला माहीत होतं. त्यांच्यामागे उभी राहून आठ वर्षं ही साथ करायची, हे आज कळलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. मी घरात रोज गात होतो. तिला येतं का, हे एकदाही विचारलं नाही.

"आता चूप बसत जाईन," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली.

१५ फेब्रुवारी

तातेरावांना सांगून टाकलं. त्यांना कसलंच ओझं नाही. "कुणाला काहून सांगायचं? तुमी म्होरं, वैनी मागं. बराबर जमून राहिलंय." कारकुनाची बायको नाटकात गाते म्हटल्यावर लोक काय बोलतील, हेही त्यांनीच मोजून सांगितलं. मी लगेच हो म्हणालो. फार लगेच.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

नरसीला प्रयोग. मी नुसते ओठ हलवले. लोकांनी रंगमंचावर बोलावून माझ्या खांद्यावर शाल घातली. एक म्हातारी पुढे आली, माझा गळा चाचपून बोटं मोडून दृष्ट काढली. म्हणाली, देवाचं देणं हाय बाप्पा, जपा. पडद्याच्या फटीतून विजया बघत होती. हसत होती – मनापासून. तेच जास्त लागलं.

२३ फेब्रुवारी

शाल तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं नीट घडी घालून पेटीत ठेवली. "तुमाला मिळाली," म्हणाली.

७ मार्च, गुरुवार

दहा दिवस मिशीला वस्तरा लावला नाही. कचेरीत हसतात. आज तातेराव तणतणत आले – मिशीची राणी कोण बघंल? म्हटलं, मी सोडली राणी. मंडळीत राणी एकच आहे, तिला विचारा. लोक काय म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणतील. विजया दारातच उभी होती. म्हणाली, "येते म्होरं. पण ते पद तुमी फार खाली धरता. मी माझ्या पट्टीत गाईन."