सातवीच्या वर्गात सांगितलेला अर्थ

धार, मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैभवीस,

तुला आणि कुशलरावांना अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी ओसरली तसे आबांचे गुडघे जरा हलके झालेत. तिरल्याहून ओला हरभरा आला, तो सोलून ठेवलाय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोनवर तू "जी मावशी, ठीक है मावशी" म्हणतेस आणि बोलणं संपतं.

तुम्ही दोघं दहा महिन्यांची मुलगी दत्तक घेताय, हे आबांकडून कळलं. फार आनंद झाला गं. तुझ्या सासूबाई "अपना खून थोड़े ही है" म्हणाल्या, तेही कळलं. परवा जेवताना आबासुद्धा म्हणाले, "विहीणबाईंचं काय चुकलं? शेवटी रक्त ते रक्त." मी वाढता वाढता थांबले.

कारण ते मीच एकदा बोलले होते.

तू सातवीत, माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर. फळ्यावर इंग्रजी म्हण लिहिली होती: रक्त पाण्यापेक्षा दाट असतं. कुणीतरी विचारलं, "मॅडम, मतलब?" मी पटकन म्हणाले, "मतलब, अपना खून अपना होता है. बाकी सब पानी." तू माझ्याकडे पाहिलंस. आबांशी लग्न होऊन मी तुमच्या घरात आले, तेव्हापासून तीन वर्षं तू मला आई म्हणत होतीस. त्या संध्याकाळी घरी आल्यावर म्हणालीस, "मावशी, भूक लगी है."

मी दुरुस्त केलं नाही. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की माझ्या लक्षात आलं नाही. खोटं आहे. आलं होतं. रणवीर तेव्हा पोटात होता, पाचवा महिना. मला माझं स्वतःचं मूल होणार होतं, आणि तू मावशी म्हणालीस तेव्हा, वैभवी, मला क्षणभर बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात रणवीरने मोबाईलवर एक मेसेज पाठवला. त्यात लिहिलं होतं की ही म्हण मूळची उलटीच आहे: शपथेने जोडलेलं रक्त जन्माच्या नात्याहून दाट. मला इतका आनंद झाला! लगेच तुला पत्र लिहिलं, 'मी अर्थच चुकीचा सांगितला होता.' पण मास्तरणीची खोड जात नाही. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन दोन दिवस जाडजूड कोश चाळले. त्या उलट्या अर्थाला जुना आधार काही सापडला नाही. म्हण शेकडो वर्षांची आहे, तशीच जर्मन भाषेतही आहे, आणि अर्थ तोच, मी सांगितला तो. ते पत्र फाडलं. अर्थ बरोबर होता. पण म्हण जुनी असली म्हणून ती खरी ठरत नाही, हे सांगायला मी वर्गात तोंड उघडलं नाही आणि घरीही नाही.

काल आबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बावीस वर्षं झाली. ती विसरलीही असेल."

"विसरली असती तर मला अजून मावशी म्हणत राहिली नसती," मी म्हणाले.

आज सकाळी चहा घेताना त्यांनीच विचारलं, "वैभवीकडे देवासला जायचं तर इंदूरला गाडी बदलावी लागेल ना? रविवारी निघू."

तर आम्ही येतोय. विहीणबाईंशी मी स्वतः बोलणार आहे. भांडणार नाही, काळजी करू नकोस. एवढंच सांगेन की मलाही एक मुलगी आयती मिळाली होती, माझ्या रक्ताची नसलेली, आणि एका वाक्याने मी तिला दूर लोटलं. तुम्ही तसं करू नका.

आणि तुझ्या लेकीसमोर असं कुणालाही बोलू देऊ नकोस. मलाही नाही.

तुझ्यासमोर उभं राहून माफी मागायला येणारी,
मधुवंती