दुखऱ्या हाताची चौकशी

धाकटे, थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि नातवाचे दात ठीक असतील असं धरून चालते, विचारत बसायला वेळ नाही. पेपरात माझा फोटो बघून तू नातवाची लस थांबवलीस म्हणे. आधी मला विचारायचं तरी!

झालं असं. लस घ्यायला गेले तेव्हा नर्सने विचारलं, कुठल्या हातात टोचू? मी उजवा पुढे केला, तो आधीच बिघडलेला. (डावाही दुखला असता तर लाँड्रीतली इस्त्री काय पायाने फिरवू?) रात्री ताप आला, दंड सुजला, दोन दिवसांत उतरलं. खांदा होता तसाच राहिला. तेवढ्यात विरोधी पक्षाचा पुढारी कपडे न्यायला आला. माझा हात वर जाईना हे बघून म्हणाला, "मावशी, लस ह्याच हातात का?" मी म्हटलं, "ह्याच, पण..." पण ऐकायला तो थांबतोय कशाला! संध्याकाळी माझा हात झोळीत आणि फोटो पेपरात. (झोळी त्याचीच, तीही चुरगळलेली.) दुसऱ्या दिवशी सरकारी पक्षाचा आला. "ताई, कॅमेऱ्यासमोर हात वर करून हसा." म्हटलं, तूच धरून वर कर, मग माझं हसणं ऐक.

मग लसीच्या तक्रारींची चौकशी करणारी डॉक्टरीणबाई आली. कपड्यांच्या गाठोड्यावर बसली आणि विचारलं, "लसीच्या आधी हा हात कसा होता?" एवढ्या गर्दीत हे विचारणारी ती पहिलीच. सगळं सांगितलं. ती म्हणाली, ताप आणि सूज लसीची, तसंच लिहीन. खांदा मात्र आधीच गेलेला, हे बघितलेलं दुसरं कोणी हवं, कारण तुम्ही विकल्या गेलात असं दोन्हीकडचे म्हणतायत. तोवर इकडे माझ्या खांद्यापायी बाया पोरांना घेऊन लसीच्या केंद्राच्या दारातून परत फिरतायत.

तुझी थोरली

ता.क. बाईंचा फोन तुला येईल. तुझं लोखंडी कपाट ओढताना माझा खांदा गेला, हे सरळ सांग. भावजी खुर्चीत बसून "जरा डावीकडे घ्या" म्हणत होते, ते विचारलं तरच सांग.

आणखी ता.क. फोन ठेवलास की नातवाला उचल आणि केंद्रावर जा.

शेवटचं ता.क. शुक्रवारी माझा दुसरा डोस आहे. सुई बघितली की माझे पाय लटपटतात, हे लाँड्रीत कोणाला ठाऊक नाही. हात धरायला ये. डावा धर, उजव्याचं तुझ्या कपाटाने केलंय तेवढं पुरे.