हिरवी पाने कापू नयेत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे आणि हृदय सोडले तर बाकी सगळे जागेवर आहे. कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, माझ्या मर्जीने लिहिते.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची गॅलरी, माझ्या सावत्र लेकीचे. ते तिच्या वडिलांचेच होते. मी झाडलोट केली.

२. शिवणयंत्र शेजारच्या शिंपिणीस. तेल वेळच्या वेळी घालावे. धाकट्या दिरास काहीही नाही. "सावत्र ती सावत्रच" असे त्यानेच पोरीच्या कानात भरले. नेलेली शिडी त्याला लखलाभ.

३. अमॅरिलिसचा कंद, कुंडीसह, लेकीस. तो तिच्या आईने लावलेला. मी या घरात आले त्या वर्षी फुले सरली, पाने अस्ताव्यस्त लोंबू लागली. मी कापड बेतायच्या कात्रीने ती बुडापासून छाटली. म्हटले, घर नीटनेटके दिसेल. कंद त्या पानांवरच पोसतो, हे मला कोण सांगणार? दोन वर्षे फूल नाही. अकरा वर्षांची पोर म्हणाली, "तू मुद्दाम मारलंस. आईचं काही ठेवायचंच नाही तुला." माफी मागायची सोडून मी तिच्यावरच डाफरले. ती मावशीकडे गेली ती गेलीच. वडील जाऊन भेटत. मी कधी गेले नाही.

पुढच्याच वर्षी चार फुले आली. कोणत्या तोंडाने कळवू, म्हणून राहिले. आता तिला चाळीस उलटली. चूक माझीच होती, आणि ती मला रोज खाते.

४. निगा: फुले गेली की फक्त दांडा कापावा. हिरवी पाने कापू नयेत, हात जोडून सांगते. ऊन द्यावे, खत द्यावे. पाने आपोआप पिवळी पडली की पाणी बंद. अडीच महिने कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. तेव्हा माया करून पाणी घातले तर कुजतो. मेला समजून टाकूही नये. मग बाहेर काढून, वरचा भाग मातीबाहेर ठेवून, थोडे थोडे पाणी घालावे.

५. सध्या कंद कपाटात आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाहेर काढायचा. तोवर मी असेन, अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. व्यवस्था पाहणारे औषधवाले भाऊ, तुम्ही लेकीला फोन करा. मी गेले हे आधी सांगू नका. माझ्यासाठी ती येणार नाही. एवढेच म्हणा, "तुझ्या आईचं झाड जिवंत आहे, येऊन पाणी घाल."

सही : शिवणवाल्या बाई
समक्ष सही केली, साक्षीदार : १. चष्मेवाले काका २. निवृत्त पोस्टमन
ठिकाण : राहते घर
तारीख : सतरा, मंगळवार, सकाळ