दहा अक्षरं आणि एक फिरती खुर्ची

२ मार्च १९९२, सोमवार. जळगाव.
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून माझ्या आयुष्यात कॉम्प्युटर आला. म्हणजे अजून आला नाही. रुपचंदशेठ म्हणाले, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, दुकानात बसवणार. काचेची केबिन, फिरती खुर्ची, आणि जो शिकून येईल तो त्या खुर्चीवर.
बावीस वर्षं मी साड्या दाखवतोय. उठायचं, फळीवरून साडी काढायची, वाकून पसरायची, नको ऐकायचं, घडी घालायची, परत उठायचं. गुडघे गेले. डॉक्टर म्हणतात, बसून काम बघा. शेठ म्हणतात, साडीच्या दुकानात बसतात ते गिऱ्हाईक आणि मालक. तेव्हा ती खुर्ची मला हवीच.
सकाळी सातचा क्लास लावला. जोडीच्या तोतारामला सांगितलं नाही, उगाच स्पर्धा नको.
संकल्प: महिन्याभरात कॉम्प्युटर पूर्ण. मग इंग्रजी.

३ मार्च, सकाळी ९
चपला बाहेर काढून आत. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे. मग जळगावात आणला कशाला?
अभिमनसर शिकवतात. धुळ्याचे, वय बावीस. म्हणजे मी नोकरीला लागलो त्या साली जन्मले. एका कॉम्प्युटरवर दोघं. माझ्या जोडीला झेडपी शाळेतल्या सुनंदाबाई. फार प्रश्न विचारतात. मी एकही विचारला नाही. सरांवर छाप पडली असणार.

१६ मार्च
गुप्त लिपीचा प्रोग्रॅम. A टाकलं की D यायला हवं, B ला E. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे. नवशिक्यांसाठी सोपं असतं, सर म्हणाले.
ओळ ४० मध्ये एरर. ती खोडली. मग ५० मध्ये एरर. तीही खोडली. शेवटी एरर राहिला नाही, पण प्रोग्रॅमही राहिला नाही.

१९ मार्च
जमलं! LILADHAR टाकलं, OLODGKDU आलं. (ओळी सरांनी सांगितल्या, पण बोटं माझी.) घरी बायकोला, कुंदाला, कागद दाखवला. म्हणाली, नाव बिघडवायला फी कशाला भरली, ते तोताराम फुकटात करतो.

२० मार्च
सुनंदाबाईंनी मुद्दाम ZP टाकलं. Z च्या जागी कंस आला. Z नंतर अक्षरंच नाहीत, कॉम्प्युटर बिचारा काय करणार? सर म्हणाले, Z संपला की परत A पासून मोजायला शिकवा त्याला. शिकवत होतो तेवढ्यात लाइट गेली. प्रोग्रॅम सेव्ह केला नव्हता. यात माझा दोष काहीच नाही.

३० मार्च
दहा दिवस Z वरच. सुनंदाबाई तीन धडे पुढे. सर म्हणाले, भाऊ, सहा तारखेला परीक्षा. गुप्त लिपीचा प्रोग्रॅम स्वतःच्या डोक्याने करून आणा, नाहीतर सर्टिफिकेट नाही.
बाहेर येऊन रडू आलं. लिहितोय ते खरं लिहितोय. कुणाच्या तरी चपला घालून घरी आलो.

२ एप्रिल, दुपारी, दुकानात
सापडलं! साडीच्या चिठ्ठीवर सापडलं!
आमच्या प्रत्येक साडीला चिठ्ठी असते. तिच्यावर खरेदीची किंमत अक्षरांत, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. शेठच्या बंगल्याचं नाव विष्णुकृपा. इंग्रजीत लिहून एक जादा U काढला की बरोब्बर दहा अक्षरं: VISHNUKRPA. V म्हणजे एक, I म्हणजे दोन, शेवटचा A म्हणजे शून्य. IHN म्हणजे दोनशे पंचेचाळीस. अरे, बावीस वर्षं मी रोज गुप्त लिपीच वाचतोय! आणि यात Z ची कटकटच नाही.
हे दुकानाबाहेर कुणालाही सांगायचं नाही अशी शेठची शपथ आहे. म्हणून फक्त इथे.

६ एप्रिल
पास! अक्षरं टाका, आकडा बाहेर. सरांनी पाठ थोपटली. खऱ्या धंद्यातली लिपी म्हणून प्रोग्रॅम फळ्यावर लिहिला, प्रिंटरवर करकर कागद काढले आणि वर्गात सगळ्यांना वाटले.
शपथ मोडली नाही. दुकानाचं नाव मी तोंडातून काढलं नाही. टेस्टिंगला खिशातून खऱ्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांच्यावर नाव छापलेलं असतं, पण फार बारीक. सुनंदाबाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. माझ्याबद्दलचा आदर, दुसरं काय.

११ एप्रिल
फिरती खुर्ची आली. शेठ नसताना बसून बघितलं. दोन चकरा मारल्या. गुडघे एकदम गप्प.

२२ एप्रिल
सुनंदाबाई भाचीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आल्या. दोन्हीकडची मिळून तीस माणसं, पिंपळनेरहून टेंपो करून. मी शेठना छाती फुगवून सांगितलं, माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक. शेठनी सगळ्यांना लिंबू सरबत मागवलं.
पहिल्या साडीचे मी चारशे सांगितले. सुंदरबाई म्हणून त्यांची आत्या, तिने चष्मा लावला, चिठ्ठी बघितली, सुनंदाबाईंच्या पर्समधला कागद बघितला. म्हणाली, भाऊ, आठे तं दोनशे पंचेचाळीस लिखेल शे.
शेठ हसले. योगायोग वाटला असेल. दुसरी साडी, NSA. पाचशे तीस, असं सगळं वऱ्हाड एका सुरात म्हणालं. मग शेठ हसले नाहीत.
आखाजीच्या तोंडावर बस्ता परत पाठवला तर बाजारात नाक कापलं जाणार. संध्याकाळपर्यंत अख्खा बस्ता खरेदीच्या भावात गेला. सरबत वेगळं. जाताना सुनंदाबाई शेठना म्हणाल्या, तुमच्या लीलाधरभाऊंचीच कृपा.

२३ एप्रिल
शेठ एक शब्द बोलले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस.

२७ एप्रिल
सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. नवा शब्द शेठनी तोतारामच्या कानात सांगितला. मग बाकी दोघांच्या. मला उद्या सांगतील.

३० एप्रिल
अजून सांगितला नाही. कामाच्या गडबडीत राहिलं असेल.
एका बाईने साडीचा भाव विचारला. चिठ्ठी उलटी-सुलटी करून बघितली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला भाव सांगता येईना. तोतारामला हाक मारावी लागली. त्याने येऊन बाईच्या कानात सांगितला.
संकल्प: नवा शब्द स्वतः शोधून काढणार. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला काय अवघड?

३ मे
नाही सापडला.

५ मे, आखाजी
कॉम्प्युटर आला. नारळ फुटला. फिरत्या खुर्चीवर तोताराम. त्याला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही, असं मी शेठना हळूच सांगितलं. शेठ म्हणाले, ज्याला काही येत नाही तो कुणाला शिकवत तरी नाही.
मला दारात स्टूल दिलंय. गिऱ्हाइकांना या या म्हणायचं आणि त्यांनी काढलेल्या चपला सांभाळायच्या. डॉक्टर म्हणाले होतेच, बसून काम बघा.
संध्याकाळी सुनंदाबाई ब्लाउजपीस बदलायला आल्या. आत चिठ्ठी बघितली असावी, बाहेर येऊन हळूच विचारलं, भाऊ, ही नवी अक्षरं कोणती? मी म्हणालो, मला खरंच माहीत नाही. देवाशप्पथ सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, आता मात्र तुम्हाला गुपित ठेवता यायला लागलं.
मी त्यांच्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या.